सुलभाने भरून ठेवलेले डबे

३ मे १९७२
सुलभाच्या वडिलांनी लेकीसाठी घेतलेला फ्रीज आज श्रीरामपूरहून टेम्पोत आला. स्वयंपाकघरात मावेना, म्हणून बैठकीत. माझं दुभत्याचं कपाट हलवून मोरीजवळ ठेवलं. मला कोणी विचारलं नाही. समोरची सखूबाई बघायला आली. म्हणाली, "लई भारी हाय. सूनबाईनं तुमाला सोडवलं बगा." मी हसून चहा दिला. पोटात दुखायचं ते दुखलंच.

६ मे
सु.चे नियम. दूध वर, भाजीपाला खालच्या खणात, प्रत्येक भांड्यावर झाकण, गरम काही आत ठेवायचं नाही. माझं आमटीचं पातेलं गरम म्हणून परत बाहेर. गोड बोलून सांगते, ते जास्त लागतं. शरद बायकोच्या बाजूने. लग्नाला वर्ष नाही झालं अजून.

११ मे
सु. चुलतबहिणीच्या लग्नाला माहेरी गेली. जाताना नवऱ्यासाठी भाज्या करून डबे भरून ठेवले. "आई, उन्हाळ्यात तुम्हाला चुलीपाशी त्रास नको." इतकी वर्षं त्याला जेवू कोणी घातलं? एका डब्यात भरली वांगी. ती माझी. माझ्याकडे बघून शिकली.

१२ मे
श. कचेरीतून आला तो सरळ फ्रीजपाशी. तिची दोडक्याची भाजी चाटूनपुसून खाल्ली. मी मटकीची उसळ केली होती. म्हणाला, उद्या खातो, आत ठेव. ठेवली. झाकण घालून.

१३ मे
सकाळीच वीज गेली, दिवेलागणीला आली. फ्रीजमधलं सगळं कोमट, खाली पाणी. पुसून काढलं. वांग्यांचा डबा उघडून हुंगला. आंबूस वाटलं. परत हुंगला. चिंच असतेच म्हणा त्यात...
म्हशीवाला उष्टं-खरकटं नेतो त्या बादलीत वांगी ओतली. पिठलं-भाकरी केली. श.ने पिठलं मागून घेतलं. किती दिवसांनी! फार बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.
मग वांगी आठवली त्याला. आंबली, टाकली, म्हटलं. उठला, फ्रीज उघडला, माझ्या उसळीचा डबा काढून हुंगला.
"ही कशी नाही आंबली? ही पण कालपासून त्याच फ्रीजमध्ये."
त्याने उसळ ताटात घेतली आणि सगळी खाल्ली. मान वर केली नाही.

१४ मे
श. बोलत नाही. म्हणजे हवं-नको तेवढं बोलतो.
वास खरंच आला होता का? आता नाकालाच आठवत नाही. आला असेल. उसळ मागे ठेवली होती, गार राहिली असेल.

१५ मे
सु. आली. मला चोळीचा खण, लाडू. वांग्यांचं मीच सांगून टाकलं. म्हणाली, "बरं केलंत आई, यांना बाधलं असतं. मी असते तर वास कळलाही नसता मला." मनापासून म्हणाली. रागावली असती तर परवडलं असतं.
श. तिथेच पेपर वाचत होता. उसळीचं बोलला नाही.
आता दोघं आतल्या खोलीत आहेत. बोलणं चाललंय, इथवर शब्द येत नाहीत.