देवापुढची कात्री

निंगबो, सोमवार

ती. दादास धाकट्या तोकुजीचा नमस्कार.

मी बरा आहे. इथला भात आपल्यासारखा चिकट नसतो, पण चालतो. वहिनींची कंबर कशी आहे?

तुझ्या नव्या छाटणीच्या कात्रीच्या पेटंटसाठी आमची आणि इथली चिनी कंपनी मिळून दोन्ही देशांत अर्ज करणार आहेत. आज जेवताना मी कौतुकाने सांगितलं, की आमच्याकडे नव्या हत्याराचा पहिला नग सुगीच्या उत्सवात देवापुढे ठेवतात आणि सारा गाव तो हाताळून बघतो. अर्जाचं काम पाहणाऱ्या मेफांगबाईंचा घास हातातच राहिला.

"अहो तोकुजीकाका, देवाला दाखवा हो, गावाला कशाला? अर्जाआधी चारचौघांनी पाहिलं, तर इथे अर्ज बाद! मग कुणीही तुमची कात्री बनवेल."

तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. उत्सव रविवारी. भट्टीच्या आवाजात तुला फोन ऐकू येत नाही, म्हणून हे जलद टपालाने. अजून कुणाला दाखवली नाहीस ना?

देवाला थांब म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कात्री ठेव, पण कापडात घट्ट बांधून. गाव रुसेल, रुसू दे. देवाला गाठ सोडून दाखवावी लागत नाही.

तुझाच,
तोकुजी