न उघडणारी मूठ

ती. आई,
कार्डिफहून अनुयाचा नमस्कार. फोनवर तू रडतेस, म्हणून लिहितेय.

मी बरी आहे. गोळ्या कमी करून, फिट यावी म्हणून मुद्दामच वॉर्डात ठेवलंय. डोक्याला वायरी आहेत, समोर कॅमेरा. जेवण बेचव, पण गरम असतं. बाबांचा गुडघा कसा आहे?

डॉक्टर विचारतात, फिटच्या सुरुवातीला काय होतं? त्यावरून ती मेंदूत कुठून सुरू होते ते कळतं म्हणे. मला कुठलं आठवायला? इथे एकटी राहते, कोणी पाहिलेलंच नाही. कॅमेऱ्यासमोर तर अजून एकही आली नाही.

तू पाहिलंयस. तू कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातात द्यायला धावायचीस. एक मूठ उघडायचीच नाही, म्हणून दुसऱ्या हातात कोंबायचीस, असं तूच सांगायचीस. न उघडणारी मूठ कुठली गं, डावी की उजवी? नीट आठवून कळव.

किल्ल्यांनी फिट थांबत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी मान हलवली.

काल मात्र फ्लॅटच्या किल्ल्या पर्समधून काढून उशीखाली ठेवल्या. हातात द्यायला इथे कोणी नाही ना.

तुझी,
अनुया