एकोणीस वेळा ‘ॲक्च्युअली’

३ जून
एकोणीस! एका फोनमध्ये एकोणीस वेळा ‘ॲक्च्युअली’. नवी मुलगी हुशार, आवाज स्वच्छ – पण त्या शब्दाशिवाय वाक्य म्हणून सुरू होत नाही. “ॲक्च्युअली, गुड मॉर्निंग!” अगं, गुड मॉर्निंगमध्ये कसलं आलंय ॲक्च्युअली? तक्रार विभागातल्या सगळ्यांचे इंग्रजी फोन ऐकायचे आणि बोलण्याला गुण द्यायचे, ही माझी नोकरी. कान किटले.

घरीही सुटका नाही. हे जेवताना – “बेसिकली, भाजी अळणी आहे.” लेकीचं वेगळंच. आय वॉज लाइक, शी वॉज लाइक... कोण कुणाला काय म्हणालं, देव जाणे.

५ जून
नव्या मुलीला बाजूला घेतलं. गोडीगुलाबीनेच सांगितलं – तो शब्द ओठांवर आला की थांबायचं, श्वास घ्यायचा, मग बोलायचं. “ॲक्च्युअली...” म्हणाली आणि स्वतःच हसली. मीही हसले.

१० जून
आठ.

११ जून
दोन! सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. खाली बघत होती. लाजली असेल.

१३ जून
शून्य. आणि फोनही शून्य. समोर फोनचा दिवा लुकलुकतोय, ही हेडफोन लावून नुसती बसलेली. शेवटी शेजारणीने तिचा फोन घेतला. “घसा बसलाय का गं?” मी विचारलं. उत्तर द्यायला गेली – ओठ घट्ट मिटलेले, मानेची शीर ताठ. आवाज नाही.

१४ जून
टेबलावर तिची चिठ्ठी. ‘ताई, मी लहानपणापासून अडखळते. त्या एका शब्दावर जीभ अडत नाही. त्याचा हात धरून पुढचे शब्द बाहेर येतात. मला फोन नसलेल्या कामावर बदली द्या.’

तीनदा वाचली. आधाराची काठी काढून घेतली मी, आणि वर शाबासकी दिली – बघा, कशी ऐटीत चालते! बदलीवर सही झाली नाही हातून. दिवसभर एकाही फोनला गुण दिले नाहीत.

१७ जून
लवकर जाऊन माफी मागितली. “हव्या तेवढ्या वेळा म्हण तो शब्द. एकही गुण कापणार नाही.”

ती एकेक अक्षर ढकलत – “न... नको, ताई. आता अशीच ब... बोलेन. तुम्ही थ... थ...”

मी पुरं केलं नाही तिचं वाक्य.

“...थांबाल?”