येतो म्हणालो होतो

४ जानेवारी
पुण्याहून रत्नागिरीत येऊन जेमतेम पंधरवडा झाला. कॉलेजात मराठी शिकवू लागलो आणि आज चक्क किनारा-शर्यतीत नाव घातलं! मिरकरवाडा बंदरातून अंजनवेल, तिथे मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत. इंजिन नाही, फक्त शीड. मी खडकवासल्याच्या धरणात होडी चालवलेला माणूस. खरा समुद्र आज प्रथमच जिभेवर आला. जोडीदार गुणवंती, मासळीच्या लिलावात भल्याभल्यांना गप्प करणारी. सुकाणू माझ्याकडे, शिडाची दोरी तिच्याकडे. तिचा चुलतभाऊ बाबू शर्यतीची सुरक्षा बोट चालवणार. ‘सरांचा भाषण सुरू झाला की वारा पडतो,’ असं तो सगळ्यांदेखत म्हणाला. मीही पोटभर हसलो.

६ जानेवारी
सरावाला निघताना सवयीने धक्क्याकडे वळून ‘येतो!’ म्हणालो. बाबूने हातातला चहा खाली ठेवला, म्हणाला, पाण्यावर ‘येतो’ नाय म्हणायचा, सर, ‘निघालो’ म्हणायचा. घरच्या माणसाला कळतं, येतो म्हणजे जातो. पाण्याला नाय कळत. ता वाट बघत बसतं.

गुणवंतीनेही मान हलवली. मला राहवेना. संध्याकाळी उद्घाटनाच्या सभेत मी त्यावरच बोललो. शब्द माणसाने घडवले. आपल्याच शब्दांना भिणारा समाज ताठ मानेने कसा उभा राहणार? शेवटी शर्यतीचा पहिला नियम सांगितला. पाण्यात माणूस दिसला की शर्यत संपली; त्याला टाकून पुढे जाणारा स्पर्धक नव्हे, खुनी. टाळ्या थांबत नव्हत्या. बाबूही वाजवत होता.

९ जानेवारी
जिंकलो!

परतीच्या वाटेवर दुपारी मालगुंडसमोर आम्ही सर्वांत पुढे होतो, वारा पाठीशी. उजवीकडे उन्हाच्या चमचमाटात एक डोकं दिसलं, एक हात, तरंगता नारिंगी कॅन. हाक आली. गुणवंतीने वळण्यासाठी दोरी ओढली. मी तिच्यावर ओरडलो. कोणी मच्छीमार असेल. सुरक्षा बोट मागून येतेच आहे, तिचं कामच ते. वळलो असतो तर पहिला नंबर गेला असता. त्या माणसाला धीर यावा म्हणून मी हात उंचावून मोठ्याने म्हणालो, ‘येतो!’

त्याने हाका मारणं थांबवलं.

धक्क्यावर ढोल, गुलाल. गुणवंती हार न घेताच घरी गेली.

१० जानेवारी
सुरक्षा बोट उलटली होती. रिकामी मिळाली. बाबू सापडलेला नाही; तो जिवंत असेल असं आता कुणी म्हणत नाही. तिच्यावरचा नारिंगी कॅन मालगुंडच्या वाळूत लागला.

मी कुणाला काही बोललो नाही. बोलून तो परत येणार आहे का? नियम लिहिणारे किनाऱ्यावर बसून लिहितात. शोकसभेत मुख्य भाषण मीच करावं असा आयोजकांचा आग्रह. हो म्हणालो. असं काही बोलायचं असलं की माझीच आठवण होते सगळ्यांना.

११ जानेवारी
शोकसभा भर दुपारी, धक्क्यावर. पुढे बाबूची बायको विमला. माईक घेतला. ‘बंधुभगिनींनो’ म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं, ‘येतो.’ पुन्हा प्रयत्न केला. ‘येतो.’ तोंडात खारं पाणी भरून आलं, सदऱ्यावर सांडलं. लोकांना वाटलं, मी गहिवरलो. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

१२ जानेवारी
वर्गात हजेरी घेता आली नाही. डॉक्टरांनी घसा पाहिला. घसा उत्तम. काय होतंय, विचारलं. ‘येतो’ म्हणालो. बरं, या, म्हणाले.

नळ सोडला की हाक. पेल्यातून हाक. मालगुंडसमोरचीच— पण आता तिच्यात भीती नाही. जेवायला बोलवावं तशी—

१३ जानेवारी
विमला दारात. गुणवंतीने तिला सगळं सांगितलं होतं. तिने शिव्या द्याव्यात म्हणून मी मान खाली घातली. दिल्या नाहीत. एवढंच विचारलं— त्याने हाक मारली तेव्हा त्याला काय सांगितलात?

खोटं बोलायचं होतं. आयुष्यभर कमावलेली भाषा होती—

‘येतो.’

मग जावा, म्हणाली. तो तुमच्या शब्दावर थांबलाय.

१४ जानेवारी
लख्ख ऊन. फरशी कोरडी. माझे पाय घोट्यापर्यंत ओले—

पुण्याची एस.टी. आहे. बॅग भरली. दार उघडायचं तेवढं— उघडत नाही, पलीकडून पाण्याचा भार—

‘येतो’च्या जागी बाबूने सांगितला होता तो शब्द. तोंडाने येत नाही, लिहून तर येईल. एकच शब्द. लिहिला की सुटलो.

येतो

नाही. पुन्हा. नि—

येतो

हात माझाच आहे. मी लिहितोय नि—

दाराखालून नारिंगी—

हाक थांबली. त्याला वाटलं मी—

नि

ये