दुसरा पेला

कॅमल वेल्स, ॲरिझोना
१२ मार्च

ती. इशिताताईस,
सा. न. वि. वि.

इथे फोनला रेंज नाही, म्हणून पत्र. अक्षराला हसू नकोस. गाव वाळवंटातलं. लोकांचे पूर्वज बेदुइन, म्हणजे भटके अरब; उंट घेऊन आले आणि इथेच राहिले. आता उंट एकच, तोही चार्जिंग स्टेशनच्या बोर्डावर! पण स्टेशनमागे बकरीच्या केसांचा काळा तंबू आहे, येईल त्याला तिथे कॉफी. पाहुण्याला तीन दिवस काही विचारायचं नाही, ही यांची रीत. माझ्यासारख्याला बरी. पेला रिकामा झाला की तंबूवाले सुलेमानकाका पुन्हा ओततात. पुरे असेल तर पेला हलवून परत द्यायचा. मला कुठे माहीत? पिऊन पिऊन रात्रभर जागा राहिलो.

हां, दादाची गाडी मजेत. फक्त शेजारच्या रिकाम्या सीटसाठी बेल्टचा अलार्म वाजतो, म्हणून मी तो बेल्ट लावूनच ठेवतो.

आणि काका माझ्यापुढे रोज दोन पेले ठेवतात. का, कोण जाणे.

लोभ आहे तितका असू दे, ओरडा कमी कर.
तुझा केदार

शॉमबर्ग
१७ मार्च

चि. केदार यास अनेक आशीर्वाद.

अक्षर अजून कोंबडीचे पायच. आई माझ्याकडे आलीय. महिनाअखेरीस शंतनूदादाचं वर्षश्राद्ध आहे, आणि तू त्याचीच गाडी घेऊन पळतोयस. आई रोज खिडकीशी बसते. तो दुसरा पेला कोणाचा, विचार बरं. दादाला चहा कधी पुरे झालाय? घोटभर अजून, म्हणत बसायचा. एक भाऊ गेला, दुसरा असून नसल्यासारखा नको रे.

घरी ये, मग हवा तेवढा लोभ.
तुझी ताई

कॅमल वेल्स
२३ मार्च

ती. ताईस,
सा. न.

विचारायला धजलो नाही. काकांनीच विचारलं, तुझ्या शेजारी बसतो तो उंच मुलगा बोलत का नाही? माझा दादा, एवढंच म्हणालो. ते दचकले नाहीत. मी माझा पेला हलवला, मग दुसऱ्याला हात घातला, तर त्यांनी मनगट धरलं. ज्याचा पेला त्यानेच हलवायचा, म्हणाले. तो दुसरा पेला रिकामा होता, ताई. मी प्यायलो नव्हतो. त्यांनी पुन्हा भरला.

सकाळी गाडी सुरू केली. सवयीने बेल्टकडे हात गेला, तर तो सुटलेला. आणि अलार्म गप्प.

मागे वळून पाहिलं, काका तंबूत दुसऱ्या पेल्यात कॉफी ओतत होते.

आईला सांग, पान एकच वाढ. मी एकटा येतोय.

तुझा केदार