दाजी टेंपोने गेले, त्याविषयी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्याने पालथाच पडून आहे, त्यामुळे तो आपोआपच घडतो आहे.) तुझा खोकला थांबला का? दाजींचा गुडघा कसा आहे, हे विचारण्याचा अधिकार मला उरलेला नाही, म्हणून विचारत नाही.

आमची कच्च्या रस्त्यांवरून दीपगृहापर्यंतची सायकल मोहीम फत्ते झाली. हे समुद्राकाठच्या एका लॉजमधून लिहितो आहे. खोलीत ओल आहे, चिखलाने माखलेली सायकल आहे आणि मी आहे. तिघांत सायकलच बरी दिसते.

दाजींनी तुला काय सांगितलं, ठाऊक नाही. ते मुळात कमी बोलतात, आणि माझ्याबरोबर असताना तर त्यांना तशी संधीही मिळत नाही. घडलं ते असं. जंगलाच्या तोंडाशी दोन वाटा फुटल्या. एक डांबरी, दुसरी निव्वळ चिखल. दाजी म्हणाले, "अरे, थोडं डांबरावरून जाऊ की." मी पेटलो. डांबर म्हणजे शरणागती! प्रत्येक साम्राज्याने आधी रस्ता बांधला आणि मग त्यावरून माणसं हाकली, हे मी चिखलातून पेडल मारत त्यांना समजावू लागलो. मागे धप्पकन आवाज आला. पण ताई, वाक्य अर्धवट सोडणं मला कधी जमलं आहे का? शिवाय मागून विरोध येईना, तेव्हा त्यांना पटलं असंच मी धरून चाललो. (सभांमधल्या शांततेचाही मी आजवर हाच अर्थ लावत आलो. आता त्या सभांचीही धास्ती वाटते.) साम्राज्य कोसळेपर्यंत मी बराच पुढे गेलो होतो. परतलो तर दाजी सुजलेला गुडघा धरून चिखलात बसलेले. म्हणाले, "संपलं का वाक्य?" मग दुधाच्या टेंपोत सायकल टाकून निघून गेले.

पुढे मी एकटाच होतो. एकदाही तोंड उघडलं नाही. ऐकायला कोणी नसलं की माझी मतं किती थोडी उरतात, हे पाहून मन खट्टू झालं. पंक्चर काढताना पान्यासाठी सवयीने मागे हात करायचो. हात तसाच राहायचा.

दाजी फोन उचलत नाहीत.

तुझा,
धाकटा

ता. क. : 'फत्ते' हा शब्द खोडून वाचावा. दीपगृहापर्यंतचा शेवटचा चढ अजून राहिला आहे. खिडकीतून दिसतो. रोज बघतो आणि कूस बदलतो.

आणखी एक ता. क. : दाजींना गाडीने इथे घेऊन ये. गुडघा वाकत नसेल तर गाडी तू चालव, त्यांना शेजारी बसव. मी मागे बसेन. वर पोहोचल्यावर मला त्यांच्याशी दोन शब्द बोलायचे आहेत. (या वेळी खरोखरच दोन.)