एका टाकीत गोकर्ण

कोल्हापूर, बुधवार

ती. विजयसिंह मामांना पूर्णिमाचा साष्टांग नमस्कार.

पुण्यात तुमचा गुडघा आणि मामींचा रक्तदाब जागेवर असतील असे धरून चालते. फोनवर तुम्ही माझे वाक्य पुरे होऊ देत नाही, म्हणून लेखी कळवते.

१. तुमच्या गाडीची टाकी काठोकाठ भरून घेतली.
२. आई, बाबा, आदर्श आणि मी गोकर्णाला जाऊन आलो.
३. वाटेत पेट्रोल भरले नाही.
४. पैज मी जिंकले.

(पैज विसरला असाल तर: एका टाकीत जाऊन आले तर गाडी माझ्या ताब्यात, नाहीतर आदर्शच्या. मला कागलच्या कारखान्यात पहिल्या पाळीला पोचायचे असते आणि सध्या ते आमचे बंधुराज मला सोडायला किती वाजता उठतात यावर अवलंबून आहे.)

टायरमधली हवा मी स्वतः तपासली, टपावरचा कॅरिअर काढला, वेग एकसारखा ठेवला, एसी लावला नाही. त्यावरून बाबांनी आंबोलीपर्यंत अबोला धरला. इंजिनाचा आवाज नीट ऐकू आला. जाताना पेट्रोल हिशेबापेक्षा कमीच लागले. चूक झाली ती परतीच्या आराखड्यात. मी चढ धरला होता, वारा धरला होता, नातेवाईक धरले नव्हते.

सावंतवाडीच्या मावशीने डिकीत नारळांचे पोते घातले, तेही घाटाच्या तोंडाशी. घाट चढल्यावर ते मी आजऱ्याला मोनाताईकडे भेट म्हणून उतरवले. मोनाताई गहिवरली आणि तिने घनसाळ तांदळाचे पोते आणले. मी नको म्हणाले, तर आई कडाडली, "गप बस की! रिकाम्या हातानं कोण लावून देतंय व्हय?" तांदूळ मुरगूडला आत्याकडे उतरवले, आत्याने गुळाच्या ढेपा चढवल्या. उतरवलेले वजन वाढून परत येते, हा नियम आम्हाला कॉलेजात शिकवला नव्हता. पुढे बिद्रीला आकाराम काका रस्त्यातच हात करून उभे होते. मी थांबले नाही, हात हलवला. (त्यांच्या पायाशी काय होते ते मी पाहिले नाही. आई म्हणते, भोपळे.)

गाडी आता आमच्या दारात उभी आहे. टाकी एकच लागली.

आपली,
पूर्णिमा

ता. क. गाडी कळंब्याच्या तलावापाशी बंद पडली. तिथून दारापर्यंत आम्ही ती ढकलत आणली. आदर्श कॅन घेऊन पंपावर निघाला होता. आईने त्याला मागे ओढले, "मुकाट ढकल. पोरीनं हितवर जिंकत आणलंय." बाबांनीही खांदा लावला. एक दुचाकीवाला थांबून म्हणाला, "पावणं, दगडं भरल्यात काय?" आदर्श म्हणाला, "न्हाय, पाहुणचार." तुमची अट पेट्रोल भरण्याबद्दल होती, ढकलण्याबद्दल नव्हती. अट लिहिलेला तुमचा मेसेज मी जपून ठेवला आहे.

ता. क. २. आत्याच्या गुळातली एक ढेप एसटीच्या पार्सलने तुम्हाला पाठवली आहे. रीतीप्रमाणे तुम्हाला त्याहून जड काहीतरी परत द्यावे लागेल. गाडीचे वजन पुरेसे आहे.

रविवारपर्यंत उत्तर कळवावे. सोमवारी माझी पहिली पाळी आहे.